पाणी बांधणारी ठकूआत्या

धामणखोऱ्यात विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर एक काळा दगड आहे. रानातून परतणारी गुरं त्या दगडापाशी आली की थबकतात आणि तो चाटत उभी राहतात. काठीनं ढोसलं तरी हलत नाहीत. नवख्या माणसाला याचं नवल वाटतं. पण गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, की तो दगड खारट आहे. तो खारट कसा झाला, हे ऐकायचं असेल तर मात्र जरा टेकून बसायला हवं. उभ्या उभ्या ऐकावी अशी ही गोष्ट नाही.

फार वर्षांपूर्वी, खोऱ्यात अजून गाडीवाट नव्हती आणि दवाखाना हा शब्दही कुणाच्या कानावर आला नव्हता, तेव्हा या गावात ठकूबाई नावाची बाई राहायची. ती याच गावची लेक. लग्न होऊन दूर गेली, पण लवकरच नवरा वारला आणि ती तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन माहेरी परत आली. गावची लेक म्हणून सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. तिच्याहून वयानं मोठे असलेले म्हातारेसुद्धा ठकूआत्याच म्हणायचे.

कुणाच्या पोराला ताप भरला, कुणाचा कान ठणकला, कुणाला विंचू चावला, की पहिली हाक आत्याला. तिच्या हाताला गुण होता, असं म्हणतात. ती उंबऱ्याच्या आत आली की रडणारं मूल गप्प व्हायचं. कुणाकडून तिनं कधी पसाभर तांदूळही घेतला नाही. पण तिचं सगळ्यात मोठं काम होतं ते पाणी बांधायचं.

पाणी बांधायची ही रीत काय होती, ते आधी सांगायला हवं.

भाद्रपद आला की खोऱ्यात हगवणीची साथ यायची. ओढा गढूळलेला, विहिरीत वरचं घाण पाणी उतरलेलं, घरोघर माश्या. लहान मुलांना जुलाब लागायचे आणि थांबायचे नाहीत. तेव्हा जुनी माणसं म्हणायची, "गळक्या घागरीत वरनं पाणी ओतून काय उपेग? ते गळतच ऱ्हानार. वरचं बंद करा, खालचं आपसूक बंद हुईल." ऐकणाऱ्याला ते पटायचं. म्हणून मूल हगवणीला लागलं की त्या घरचं पाणी बांधायचं. आत्या यायची, घागरीच्या तोंडावर फडकं टाकायची, गळ्याभोवती काळा दोरा गुंडाळायची आणि सात गाठी मारायची. तीन दिवस त्या घरात मुलाच्या देखत कुणी पाणी प्यायचं नाही. घरच्या माणसांनी तहान लागली की शेजारी जायचं, तिथं प्यायचं, आणि ओठ कोरडे पुसून मगच घरात शिरायचं. अंगावर पिणारं मूल असेल तर आईनं छातीला फडकं आवळून घ्यायचं.

मूल पाणी मागायचं. पहिल्या दिवशी मोठ्यानं मागायचं. दुसऱ्या दिवशी हळू मागायचं. तिसऱ्या दिवशी मागायचंच नाही. तेव्हा बाया एकमेकींना सांगायच्या, "गाठ लागली बरं का."

ऐकून अंगावर काटा येतो. पण त्या बाया दुष्ट नव्हत्या. त्या रडत रडत हे करायच्या, आणि पोराच्या जिवासाठीच करायच्या. काही मुलं वाचायची, तेव्हा लोक गाठीला हात जोडायचे. जी जायची त्यांच्या घरी एकच प्रश्न विचारला जायचा, "कुणी थेंब दिला का?" आणि कुणीतरी दिलेला असायचाच. आजीचा जीव तुटायचा, बहिणीचा तुटायचा. म्हणजे गाठ खरी, चूक थेंबाची. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं.

ठकूआत्याच्या उरातही असाच एक थेंब होता, आणि तो तिनं कुणाला कधी सांगितला नव्हता.

तिचा मुलगा नामा तीन वर्षांचा असताना हगवणीला लागला. आत्याच्या आईनं पाणी बांधलं. तिसऱ्या दिवशी दुपारी नामा पाणी मागायचा थांबला होता. ठकूच्या मनगटावर आलेला घाम तो जिभेनं चाटत होता. ते पाहून तिला राहवलं नाही. शेजारी जाऊन तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि त्याच्या ओठांवर पिळलं. एकच थेंब पडला. नामानं ते टोक असं चोखलं, की ते त्याच्या तोंडातून सोडवावं लागलं. दिवस मावळता मावळता नामा गेला. आईनं विचारलं, "ठके, थेंब दिलास?" ती नाही म्हणाली. जन्मात एवढं एकच खोटं ती बोलली, असं म्हणतात.

त्या दिवसापासून तीस वर्षं तिला वाटत होतं, की आपल्या पोराला आपणच मारलं, त्या एका थेंबानं. म्हणून तिच्या गाठी साऱ्या खोऱ्यात सगळ्यात घट्ट असायच्या. दुसऱ्या कुठल्या आईच्या हातून तसला थेंब पडू नये म्हणून ती गाठ मारून झाल्यावर दाताखाली धरून आवळायची.

मग ते वर्ष आलं. त्या भाद्रपदात एकाच दिवशी चौदा घरांचं पाणी बांधलं गेलं.

चौदावं घर सारजाचं. सारजाची सून मथू दूरच्या मिठागराकडची, नुकतीच दोन वर्षं झाली होती लग्नाला. तिची अकरा महिन्यांची चिंगी जुलाबांनी मलूल झाली होती. आत्या घागर बांधायला बसली तशी मथू म्हणाली, "आत्या, आमच्याकडं पाणी बांधत नाहीत. आमच्याकडं पाजतात."

सारजा तडकली. "तुझ्या बापाच्या मिठागरावर चालत आसंल तसलं. हितं न्हाई. हितली गाठ हाय म्हणून तुजा नवरा जगलाय, समजलीस का खारटे?"

"सारजे, नगं बोलूस पोरीला," आत्या म्हणाली. तिनं मथूच्या डोक्यावरून हात फिरवला. "तीन दीस, पोरी. फकस्त तीन दीस दगडाचं काळीज कर. माज्याकडं बघ, म्या बी आईच हाय."

आत्यानं सात गाठी मारल्या, दातांनी आवळल्या आणि ती घरी गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या घरोघर बघत निघाली. कुठं मूल निपचित पडलेलं, कुठं डोळे खोल गेलेले. रडायला तोंड उघडायचं, पण आवाज नाही आणि डोळ्यांत टिपूस नाही. आत्याला हे नवं नव्हतं. पण सारजाच्या अंगणात पाऊल टाकलं आणि ती जागीच थबकली. आतून मुलाच्या रडण्याचा आवाज येत होता. चांगला खणखणीत आवाज. तिसऱ्या दिवशी असं रडणारं मूल तिनं तीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

घागर बांधलेलीच होती. सातही गाठी जशाच्या तशा. आत्या आवाजाच्या मागं मागं गोठ्यात गेली. तिथं कडब्याआड मथू बसली होती. मांडीवर चिंगी, हातात नारळाची करवंटी, आणि करवंटीतून बोटानं निथळवत ती पोरीच्या तोंडात काहीतरी सोडत होती.

"काय पाजतीस?" आत्या ओरडली.

मथू दचकली, पण करवंटी तिनं सांडू दिली नाही. "पेज हाय आत्या. तांदळाची. मीठ घातलेली."

"कवापासनं?"

"तुम्ही गाठ मारून गेलात तवापासनं."

आत्यानं करवंटी हिसकावली. काय विष आहे ते बघावं म्हणून तिनं बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. कोमट, पातळ, किंचित खारट. डोळ्यातलं पाणी ओघळून ओठांवर यावं, तशी चव.

"मला मारा," मथू म्हणाली, "पर तिला पिऊ द्या. नवी घागर पहिले चार दिवस पाझरतेच की आत्या. म्हणून तुम्ही ती उन्हात रिकामी ठेवता काय? भरत राहता ना? भरता भरता पाझर बसतो. रिकामी ठेवली तर तडकते ती."

आत्याला राग आवरेना. तीन दिवस! एका थेंबानं नामा गेला, आणि या पोरीनं तीन दिवस करवंट्या पाजल्या! ती मटकन खाली बसली आणि म्हणाली, "आता दे. किती द्यायचं ते दे. दीस मावळायच्या आत ही पोर जाणार. म्या हितंच बसते. तुजं काळीज फाटंल तवा धरायला कुनीतरी पायजे."

आणि ती बसली. आतून सारजा आली, तिनं हे पाहिलं आणि कपाळ बडवून घेतलं, पण आत्या बसलीय म्हटल्यावर ती मधे पडली नाही. आत्या मरणाची वाट पाहत बसली होती. मथू घोट देत होती. चिंगीनं एकदा सगळं ओकून टाकलं. आत्या म्हणाली, "बघ." मथू थोडा वेळ थांबली आणि पुन्हा बोटाबोटानं द्यायला लागली. मधेच पोरीला अंगावर घेऊन पाजलं. मग पुन्हा पेज. ऊन वळलं. जुलाब होत होते, पण कमी होत होते. तिसऱ्या प्रहरी चिंगीनं मथूचं लुगडं ओलं केलं. कितीतरी वेळानं झालेली स्वच्छ लघवी होती ती. मग ती रडली, आणि रडताना तिच्या गालावरून एक टपोरा थेंब ओघळला. दिवस मावळला. चिंगी गेली नाही. तिनं हात पुढे केला आणि आत्याच्या कमरेला लोंबणारा काळा दोरा मुठीत पकडला.

असं म्हणतात, की त्या घटकेला ठकूआत्याचं काळीज एक ठोका चुकलं ते पुन्हा कधी जागेवर आलं नाही.

कारण आत्याला नामा दिसत होता. पदराचं टोक चोखणारा, मनगटाचा घाम चाटणारा नामा. तीस वर्षं तिला वाटत होतं, त्या थेंबानं त्याला मारलं. आणि आता समोर ही पोर हसत होती. थेंबानं मारलं नव्हतं. न दिलेल्या थेंबांनी मारलं होतं. आणि मग नामाच्या मागून एकेक करत सगळी आली. रामजीचा थोरला. कोंडीची जुळी. पाटलांची नात. ज्यांच्या घागरीवर तिनं गाठ मारली होती आणि दातांनी आवळली होती, ती सगळी.

ती उठली आणि पळत सुटली. बांधलेली घरं अजून तेरा होती. सगळ्यात जवळचं पुतळाचं. पुतळाची पाच वर्षांची सुंदा सकाळी आत्यानं पाहिली होती, कुशीवर पडलेली, न मागणारी. आत्या धापा टाकत अंगणात पोचली, दोऱ्याला हात घालणार, तेवढ्यात आतून हंबरडा फुटला.

आत्याचे हात गाठीवरच राहिले. तिच्या तोंडून शब्द फुटेना. लोक आले, त्यांना वाटलं आत्या दुःखानं थिजलीय. त्यांनी तिला उचलून घरी नेऊन निजवलं.

इकडे सगळा आळ आपल्याच घरावर येईल, ही सारजाला भीती होती. ती सुंदाच्या अंगणात सगळ्यांसमोर बोलून गेली, "माज्या सुनंनं गाठ मोडली गं! तिनं मोडली आन्‌ गाठ दुसऱ्याच्या पोरीवर फिरली!" झालं. उजाडता उजाडता मथूच्या हातात तिचं गाठोडं आणि कडेवर चिंगी देऊन तिला मिठागराच्या वाटेला लावलं. नवरा मुकाट्यानं पोचवायला गेला. ती गावाबाहेर पडली तेव्हा तिच्या पाठीवर कुणीतरी शेण फेकलं, असं म्हणतात.

दुपारी सुंदाला माती देऊन माणसं परतली. सगळं गाव पिंपळाच्या पारापाशी बसलं होतं. तेव्हा ठकूआत्या आली. केस मोकळे, पाय अनवाणी, हातात काळ्या दोऱ्याचा गुंडा.

"मथूला परत आना," ती म्हणाली. "तिनं काय बी केलं न्हाई. तिनं आपली पोर वाचवली. तुमची म्या मारली."

कुणाला काही कळेना. पाटील म्हणाले, "आत्या, काय बोलताय? बसा खाली. सावलीत बसा."

"न्हाई बसत. रामजी, तुजा थोरला म्या मारला. कोंडे, तुजी दोन्ही म्या मारली. पाटील, तुमची नात बी. आन्‌ माजा नामा. पानी मागत व्हती ती. पोरं खरं सांगत व्हती, आन्‌ आपन खोटं ऐकत व्हतो. द्या रं त्यांस्नी पानी. आत्ता उठा, घरी जा आन्‌ गाठी तोडा!"

कुणी हललं नाही. कसं हलणार? आत्याचं खरं मानायचं तर प्रत्येकीला आपल्या हातांकडे बघावं लागणार होतं. शेजारी पाणी पिऊन, ओठ पुसून, कोरड्या तोंडानं पोरासमोर बसलेली प्रत्येक आई तिथं होती.

पुतळा उठली. तिच्या घागरीवरचा सात गाठींचा दोरा तिच्या मुठीत होता. ती आत्यासमोर उभी राहिली. "माजी सुंदा म्हनली, आये, ईवलंसं. म्या तोंड फिरवलं. तू सांगितलंस म्हनून फिरवलं." तिचा आवाज चढला नाही, हेच भयंकर होतं. "चल. तुजी घागर दाव."

दोघी आत्याच्या घरी गेल्या. पुतळानं आत्याच्या घागरीवर फडकं टाकलं, दोरा गुंडाळला आणि गाठी मारल्या. शेवटची गाठ तिनं दातांनी आवळली. "आता तुला बी कळू दे," ती म्हणाली.

"बांध," आत्या म्हणाली. "बरं केलंस."

पण ती घरात बसून राहिली नाही. आधी ती प्रत्येक दारात गेली. दारं लागली होती. मग ती विहिरीच्या वाटेवरच्या त्या काळ्या दगडावर जाऊन बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगायला लागली, "पोरांस्नी पानी द्या गं. पेज द्या, मीठ घालून. घोटघोट द्या. ओकलं तर थांबा, पुना द्या. अंगावरचं तोडू नका." बाया डोक्यावर घागरी घेऊन मान खाली घालून पुढे जायच्या. कुणी म्हणे आत्याला वेड लागलं, कुणी म्हणे झपाटली. जुन्या गाठी तीन दिवस भरून सुटल्या होत्या, पण साथ थांबली नव्हती; नव्यानं लागलेल्या घरांचं पाणी बाया आता स्वतःच बांधत होत्या. समोरून भरलेल्या घागरी डचमळत जात होत्या, आणि ती पाण्याला शिवत नव्हती. पहिल्या दिवशी ती मोठ्यानं सांगत होती. दुसऱ्या दिवशी हळू सांगत होती. तिसऱ्या दिवशी तिचे नुसते ओठ हलत होते.

तिसऱ्या दिवशी ऐन दुपारी पुतळा आली. कडेवर तिचा तीन वर्षांचा भिकू, पाय लुळे लोंबणारा. सुंदाच्या पाठचा, नवसानं झालेला. पहाटेपासून त्याला हगवण लागली होती. दुसऱ्या हातात पेजेचं भांडं, पदराला मिठाचे खडे बांधलेले.

"आत्या," ती म्हणाली. आत्यानं डोळे उघडले, पण उठता येईना. पुतळानं तिला खांद्याला धरून गदागदा हलवलं. "मरायचं तर मागनं मर! आधी मीठ किती ते सांग! मथू न्हाई गावात. तूच चाखलंयस. जास्त घातलं तर पोर ओकतंय, सांग मला, किती?"

आत्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. तिनं बोट उचललं आणि डोळ्याला लावलं. बोट कोरडं आलं. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा कोरडं. तीस वर्षांचं रडू आत होतं, पण डोळ्यांत टिपूस नव्हता. जसा त्या पोरांच्या डोळ्यांत नसायचा.

पुतळानं ते पाहिलं. काय समजायचं ते तिला समजलं. तिनं भिकूला दगडावर ठेवलं, विहिरीकडून येणाऱ्या पहिल्या बाईची घागर डोक्यावरून उतरवून घेतली आणि ओंजळीनं आत्याला पाजायला लागली. ज्या हातांनी गाठी मारल्या त्याच हातांनी. एक ओंजळ. थांबून दुसरी. थांबून तिसरी. किती ओंजळी पाजल्या त्याला गणती नाही. आणि मग आत्याच्या डोळ्यांच्या कडा भरून आल्या. असं म्हणतात, की ते पाणी गालांवरून वाहिलं, हनुवटीवरून ठिबकलं, आणि दगडावर पडत राहिलं ते दिवसभर थांबलं नाही.

आत्यानं गालावरचा थेंब बोटावर घेतला आणि पुतळाच्या जिभेवर ठेवला. "येवढं," ती म्हणाली. "ह्याच्याहून खारट न्हाई."

पुतळानं पेज चाखली. मिठाचा खडा टाकून ढवळली, पुन्हा चाखली. मग भिकूचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटानं एकेक थेंब सोडायला लागली. वाटेवरच्या बाया थांबल्या. घागरी खाली ठेवल्या. भिकू एकदा ओकला तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखला. पुतळा थांबली आणि पुन्हा द्यायला लागली. दुपार कलली तेव्हा भिकूनं डोळे उघडले, भांड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आये, आजून."

तो शब्द ऐकला मात्र, बाया उठल्या आणि घराकडे धावत सुटल्या. घरी पोचताच त्यांनी केसांतल्या आकड्यांनी, दातांनी, विळ्यांनी गाठी तोडल्या. काहीजण सांगतात, की त्यांना तोडाव्याच लागल्या नाहीत. साऱ्या घागरींचे दोरे एकाच वेळी आपोआप गळून पडले, असं म्हणतात. त्या बांधलेल्या घरांतली सगळी मुलं वाचली असं मात्र कुणी म्हणत नाही. दोन गेली. पण जी गेली ती तहानलेली गेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मथूला आणायला स्वतः सारजा निघाली. पायी, दोन दिवसांची वाट. परत आली तेव्हा चिंगी सारजाच्या कडेवर होती, आणि जिथं शेण फेकलं गेलं होतं त्या जागी बाया पाण्याच्या कळश्या घेऊन उभ्या होत्या.

ठकूआत्या त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. ती आता आजारपणाची हाक यायची वाट बघायची नाही. मूल बरं असतानाच ती दारात उभी राहायची. मथूला बरोबर घेऊन ती वाडीवाडीतून हिंडली, आणि प्रत्येक वाडीत एका बाईला आणि एका बाप्याला शिकवूनच पुढे गेली. "बाप्या कशाला?" असं रामजी म्हणाला, तर आत्या म्हणाली, "तुजी बायकू रानात आसंल तवा पोर कुनाकडं बघंल? बैलाकडं?" विहिरीला तिनं कट्टा बांधून घेतला, गुरांची जागा लांब नेली, पाणी उकळून झाकायला लावलं. घासाआधी आणि पोर धुतल्यावर राखेनं हात चोळल्याशिवाय ती कुणाला भाकरीला शिवू द्यायची नाही.

आणि त्या काळ्या दोऱ्याचं तिनं काय केलं? टाकला नाही. त्यानं ती लहान मुलांचे दंड मोजायची. दोरा दंडाभोवती गुंडाळला आणि दंड ठरलेल्या गाठीपर्यंत भरला नाही, तर मूल वाळतंय. मग त्या मुलाला रोज एका घरातून जेवण जायचं, गाठ भरेपर्यंत. ज्या दोऱ्यानं पोरांचं पाणी तोडलं, त्याच दोऱ्यानं पोरं भरून निघाली.

ती गेली तेव्हा खोऱ्यात एकही चूल पेटली नाही, आणि विहिरीचं पाणी त्या दिवशी किंचित खारट झालं होतं, असं म्हणतात.

आता गावाला डांबरी सडक आहे. उपकेंद्र आहे, तिथं मीठ-साखरेच्या पुड्या मिळतात, आणि मूल सुस्तावलं, पिईना, शौचातून रक्त गेलं, तर नर्सबाईंकडे लगेच न्यायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे. लसीचा दिवससुद्धा त्या दगडापाशीच भरतो. नर्सबाई मापाची रंगीत पट्टी आणतात, पण म्हातारी माणसं पट्टीआधी एकदा दोरा लावून बघतातच. घागरीवर झाकण ठेवतात, पण धामणखोऱ्यात पाण्याच्या भांड्याला कुणी दोरा गुंडाळत नाही.

भाद्रपदातल्या पहिल्या सोमवारी घरटी मूठभर तांदूळ गोळा होतात आणि दगडापाशी आत्याची पेज शिजते. त्या वर्षी जे आईबाप झालेत त्यांनी पुढे यायचं. गावातली सगळ्यात म्हातारी बाई विचारते, "मीठ किती?" आणि दोघांनी सांगायचं, "डोळ्यातल्या पाण्याइतकं. त्याहून खारट नाही." मग त्यांनी चाखायचं, आणि चुकलं असेल तर म्हातारीच्या शिव्या खायच्या. मग सगळ्या मुलांना पेज मिळते.

एक करवंटी मात्र बाजूला ठेवलेली असते. ती ज्यांना मिळालं नाही त्यांच्यासाठी. दगडाशेजारच्या उंबराच्या बुंध्याशी बाया ती बोटानं थेंबथेंब सोडतात. एकेका थेंबाला एकेक नाव घेतात. सुंदा, कोंडीची जुळी, पाटलांची नात, रामजीचा थोरला. नावं पुष्कळ आहेत, वेळ लागतो, ऊन डोक्यावर येतं, तरी कुणी घाई करत नाही. पहिलं नाव नामाचं असतं. त्याच्या नावानं नुसता एकच थेंब टाकत नाहीत. त्याच्या नावानं भरपूर ओततात.